भांडवल मागणारांचें दायित्व

अनेकांचा पैसा एकत्र करून मोठा उद्योग उभारणें ही कल्पना जितकी उपयुक्त तितकीच धोक्याची आहे, हें इतिहासानें वारंवार दाखविलें आहे. आगगाड्या, गिरण्या, बँका, विजेचे कारखाने हीं सर्व अशाच सामुदायिक भांडवलावर उभीं राहिलीं. आणि हजारों कुटुंबांची जन्मभराची शिल्लकही याच वाटेनें नाहींशी झाली. गेल्या दहा वर्षांत या जुन्या कल्पनेनें एक नवें रूप धारण केलें आहे. चारदोन तरुण एकत्र येतात, आपल्या नियोजित उद्योगाचें एक माहितीपत्रक संगणकाच्या जाळ्यावर प्रसिद्ध करतात, आणि एक नवें नाणें निर्माण करतात. या नाण्यास धातु नसतो व त्यावर राजमुद्रा नसते. तें केवळ हिशेबाच्या वहींतील एक नोंद असतें. हें नाणें देऊन त्याच्या मोबदल्यांत ते जगभरच्या लोकांकडून बिटकॉइन किंवा तत्सम आभासी चलन घेतात. येथें कंपनी नसते, संचालक नसतात, पुष्कळदां खरीं नांवेंही नसतात. असते ती एक 'टीम'. ही टीम उद्यां दिसेनाशी झाली, तर जाब कोणास विचारावयाचा?

हा प्रश्न दूरदेशींचा आहे असें मानणें चुकीचें होईल. भिवंडीजवळचें वडपे हेंच गांव घ्या. ठाण्याच्या माजिवड्याकडून येणारा मोठा रस्ता व भिवंडींतून येणारा जुना आग्रा रोड हे येथें मिळतात आणि पुढें नाशिककडे जातात. जून २०२५ मध्यें पूर्ण खुला झालेला समृद्धि महामार्ग जवळच आमणे येथें येऊन संपतो. जेथें एका पिढीमागें भातशेती होती तेथें आज गोदामांच्या ओळी आहेत. जमिनीचा मोबदला, गोदामाचें भाडें, रस्त्यांत गेलेल्या शेताची नुकसानभरपाई अशा रूपानें या पट्ट्यांतील अनेक घरांत एकदम मोठी रक्कम आली. पिढ्यान्‌पिढ्या सुगीपुरताच पैसा पाहिलेल्या घरांत जेव्हां असा पैसा येतो, तेव्हां सल्लागारांस तोटा नसतो. जमीन पुन्हां विकतां येत नाहीं. म्हणून तिच्या मोबदल्याचा पैसा एकदां बुडाला तर त्या घरास दुसरी संधि मिळत नाहीं. वडप्याच्या लोकांस कोणीं फसविलें असें आमचें म्हणणें नाहीं. अशा गांवांतील कुटुंबास उद्यां फसवणूक झालीच तर कायद्याचा आधार कितपत आहे, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

याच रस्त्याचा या विषयाशीं एक जुना संबंधही आहे. खानदेशचा कापूस थळ घाट उतरून आग्रा रोडनेंच भिवंडीकडे व मुंबईकडे येत असे. आणि त्या कापसाच्या पैशानेंच मुंबईनें भांडवल मागणारांच्या दायित्वाचा पहिला मोठा धडा घेतला.

एप्रिल १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें. दक्षिणेकडील संस्थानांच्या बंदरांची कोंडी झाल्यामुळें लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, व हिंदुस्थानच्या कापसास पूर्वीं कधीं न मिळालेला भाव आला. मुंबईंत सोन्याचा पूर लोटला. त्या पैशास वाट हवी होती, आणि वाट कायद्यानें नुकतीच करून दिली होती. १८५७ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या काढण्याची मुभा मिळाली, व १८६० च्या कायद्यानें ती बँकांसही लागू झाली. म्हणजे उद्योग बुडाला तर भागधारकाचें नुकसान त्याच्या भागापुरतें. घरदार त्यांत ओढलें जावयाचें नाहीं. ही सवलत नसती तर मोठे उद्योग निघाले नसते हें खरें. परंतु तिच्यामुळें बेफिकिरीही स्वस्त झाली.

मग बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांत अग्रगण्य ती १८६४ ची बॅक-बे रेक्लमेशन कंपनी. तिच्या ५,००० रुपयांच्या भागाचा भाव ५०,००० रुपयांच्या घरांत गेला. समुद्र अद्याप होता तेथेंच होता. जमीन कागदावर होती. या साऱ्या उलाढालीचे अध्वर्यु शेट प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दास त्या दिवसांत बाजारांत टांकसाळीचें मोल होतें. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० सालीं निघालेली, सरकारचे भाग व सरकारनियुक्त संचालक असलेली प्रतिष्ठित पेढी. तिच्या मूळ सनदेंत कर्ज कोणत्या तारणावर द्यावें याचे कडक निर्बंध होते. १८६३ च्या नव्या कायद्यानें ते सैल झाले, व कंपन्यांच्या भागांवर कर्जें देण्यास ती मोकळी झाली. फुगलेल्या भागांवर कर्ज, त्या कर्जांतून आणखी भागांची खरेदी, आणि त्या खरेदीनें भागांस आणखी फुगवटी, असें चक्र सुरू झालें.

एप्रिल १८६५ मध्यें दक्षिणेचा सेनापति ली शरण आला, आणि कापसाचा भाव कोसळला. मुदतीच्या सौद्यांची फेड १ जुलै १८६५ रोजीं व्हावयाची होती. त्या दिवशीं कोणापाशींच पैसा नव्हता. बॅक-बेचा भाग दोन हजारांच्याही खालीं आला. बँक ऑफ बॉम्बेचा ५०० रुपयांचा भाग २,८५० पर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांवर आला. १८६८ सालीं ती बँक मोडीत निघाली व त्याच सालीं त्याच नांवाची नवी बँक स्थापन झाली.

या प्रसंगीं कायद्यानें काय केलें? दिवाळखोर व्यापाऱ्यांचीं प्रकरणें निकालांत काढण्याकरितां १८६५ चा अठ्ठाविसावा कायदा झाला. १८६६ सालीं कंपन्यांचा एकत्रित कायदा झाला. बँकेच्या नाशाची चौकशी करण्याकरितां १८६८ सालीं सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग बसला. त्यानें कारभाऱ्यांचे दोष, संचालकांची गफलत, कायद्यांतील सैल कलमें हें सर्व उजेडांत आणलें. भागधारकांचें गेलेलें धन मात्र परत आलें नाहीं. प्रेमचंद रायचंद यांनीं तेजीच्या काळांत विद्यापीठास दिलेल्या देणगींतून १८७८ सालीं पुरा झालेला राजाबाई मनोरा आजही उभा आहे. त्या काळच्या संपत्तीचें तें सुंदर स्मारक होय. पण त्या काळांत बुडालेल्या घरांचें स्मारक कोठें नाहीं.

१८६५ च्या फसगतीचें एक वैशिष्ट्य येथें ध्यानांत ठेवावें. त्या वेळीं लोकांस भुरळ पडली ती नांवांची. माहितीपत्रकावर कोणा कोणा शेटजींचीं, कोणा कोणा साहेबांचीं नांवें आहेत हें पाहून लोक भाग घेत. म्हणून संकट आल्यावर निदान नांवें तरी हातीं होतीं. आज भुरळ पडते ती नांवाच्या अभावाची. 'येथें कोणी मालक नाहीं, कोणी संचालक नाहीं, सर्व कांहीं यंत्राच्या नियमानें चालतें' हीच जाहिरात असते. बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो हें एक टोपणनांव असून त्यामागील व्यक्ति आजवर निःसंशय ओळखली गेलेली नाहीं. तेव्हां निनांवीपणाची ही परंपरा या चलनाच्या जन्मापासूनचीच आहे. बिटकॉइनच्या जनकानें लोकांकडे भांडवल मागितलें नव्हतें, हा भेद मात्र विसरूं नये. जो मागत नाहीं त्यानें निनांवी राहिल्यास कोणाचें बिघडत नाहीं. जो मागतो त्यास ती मुभा असावी कीं नसावी, हा खरा वाद आहे.

इंग्लंडच्या अनुभवाकडे पाहिलें तर या वादाचीं दोन्ही टोकें दिसतात. १७२० सालीं साउथ सी कंपनीचा फुगा फुटला, तेव्हां पार्लमेंटनें पुढल्या वर्षीं संचालकांच्या मालमत्ता जप्त केल्या व खजिन्याचा मंत्री एझ्लबी यास लंडनच्या टॉवरमध्यें धाडलें. पण कंपनीचा खजिनदार तत्पूर्वींच युरोपांत पळून गेला होता. त्याच सुमारास झालेल्या 'बबल ॲक्टा'नें सनदेवांचून कंपन्या काढण्यावर इतका कडक निर्बंध घातला कीं, तो १८२५ पर्यंत, म्हणजे शतकाहून अधिक काळ, प्रामाणिक उद्योगाच्याही मार्गांत आडवा पडला.

दुसरें टोक १८८९ सालचें. प्लिमथ येथील एका ट्राम कंपनीनें आपल्या माहितीपत्रकांत म्हटलें होतें कीं, वाफेच्या बळावर ट्राम चालविण्याचा अधिकार आपणांस आहे. खरें पाहतां त्यास बोर्ड ऑफ ट्रेडची संमति लागत होती, व ती पुढें पुरती मिळाली नाहीं. कंपनी बुडाली. भाग घेणाऱ्या पीक नांवाच्या गृहस्थानें संचालकांवर दावा लावला. हाउस ऑफ लॉर्ड्सनें निर्णय दिला कीं, संचालकांचा आपल्या विधानावर प्रामाणिक विश्वास होता, म्हणून तें असत्य असलें तरी कपट नव्हे. सबब ते जबाबदार नाहींत. तर्काच्या दृष्टीनें हा निर्णय निर्दोष असेल. पण पैसे देणाराच्या दृष्टीनें त्याचा अर्थ असा झाला कीं, भांडवल मागणारानें अज्ञानी असणें फायद्याचें. पार्लमेंटनें पुढल्याच वर्षीं, १८९० सालीं, स्वतंत्र कायदा करून ठरविलें कीं, माहितीपत्रकांतील विधान खरें मानण्यास आपणांस वाजवी कारण होतें हें संचालकांनींच सिद्ध केलें पाहिजे. पुराव्याचें ओझें पैसे देणाराच्या खांद्यावरून पैसे मागणाराच्या खांद्यावर गेलें. हेंच तत्त्व आपल्याकडे १९१३ च्या कंपनी कायद्यांत, तेथून १९५६ च्या व पुढें २०१३ च्या कायद्यांत आलें. आज २०१३ च्या कायद्याप्रमाणें माहितीपत्रकांतील खोट्या विधानाबद्दल संचालक व प्रवर्तक यांस भरपाईही द्यावी लागते आणि तुरुंगही पाहावा लागतो.

मात्र हें सर्व 'कंपनी' व तिचा 'भाग' असेल तेव्हां. जो कंपनीच काढीत नाहीं, आणि विकतो त्यास भाग म्हणत नाहीं, त्याचें काय? हाही प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. फ्लॉरिडा प्रांतांत हॉवी नांवाची एक कंपनी संत्र्यांच्या बागेचे लहान लहान तुकडे लोकांस विके, व ते तुकडे स्वतःच कसून नफा वांटून देण्याचा करारही करी. आपण फक्त जमीन विकतों असें तिचें म्हणणें. १९४६ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, नांव कांहींही द्या. लोकांनीं एका सामाईक उद्योगांत पैसा घातला असेल आणि दुसऱ्याच्या श्रमांतून नफ्याची आशा धरली असेल, तर तो गुंतवणुकीचा करार होय. आपल्याकडे संत्र्यांच्या जागीं सागवान आलें. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सागाच्या लागवडीच्या नांवाखालीं लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या योजनांचें पेव फुटलें. तेव्हां 'सेबी'च्या कायद्यांत सामूहिक गुंतवणूक योजनेचें नवें कलम घालण्यांत आलें. त्याचा आशयही बव्हंशीं हाच आहे.

आभासी नाण्यांच्या बाबतींत अमेरिकेनें हीच जुनी कसोटी लावली. २०१७ सालीं तेथील रोखे आयोगानें जाहीर केलें कीं, नाणें म्हटल्यानें रोख्याचा कायदा टळत नाहीं. टेलिग्राम या कंपनीनें २०१८ सालीं भावी नाण्याच्या आशेवर १७० कोटी डॉलर जमविले होते. २०२० सालीं न्यायालयानें तें वाटप थांबविलें, आणि कंपनीस १२० कोटी डॉलर परत करून वर १ कोटी ८५ लाख डॉलर दंड भरावा लागला. जेथें कंपनीच नाहीं अशा मंडळाचा प्रश्नही २०२३ सालीं कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांपुढें आला. नाणेधारकांच्या मतांनीं चालणारी 'ऊकी डाओ' नांवाची संघटना आपला जबाब देण्यासही आली नाहीं. न्यायालयानें ती कायद्याच्या दृष्टीनें व्यक्ति आहे असें धरून तिच्यावर दंडाचा हुकूम दिला. त्याच सुमारास दुसऱ्या एका दाव्यांत असें म्हटलें गेलें कीं, नोंदणी न केलेलें असें मंडळ म्हणजे भागीदारी असूं शकते, आणि भागीदारींत प्रत्येकाची जबाबदारी अमर्याद असते. मर्यादित जबाबदारीची सवलत ज्यानें मागितली नाहीं व जिच्या अटी पाळल्या नाहींत, त्यास ती फुकट कशी मिळावी, हा त्यामागील विचार आम्हांस सर्वस्वीं न्याय्य वाटतो.

हा विचार आपल्या कायद्यास परका नाहीं. आपला भागीदारीचा कायदा १९३२ सालचा. नफा वांटून घेण्याच्या कराराने जे एकत्र धंदा करतात ते भागीदार, मग त्यांनीं स्वतःस 'टीम' म्हणवो वा 'समूह'. आणि पेढीच्या देण्यास प्रत्येक भागीदार एकत्रितपणें व पृथक्‌पणें जबाबदार असतो. नोंदणी न केलेल्या पेढीस दुसऱ्यावर दावा लावण्याची वाट बहुतांशीं बंद होते, पण तिच्यावर दावा लावण्यास आडकाठी नाहीं. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याचें ४६४ वें कलम सांगतें कीं, ठराविक संख्येहून अधिक माणसांनीं नफ्याकरितां धंदा करावयाचा तर नोंदणी केलीच पाहिजे. नियमांनीं ही संख्या ५० ठरविली आहे. न केल्यास प्रत्येक सभासद दंडास पात्र होतो व त्या धंद्यांतील सर्व देण्यास व्यक्तिशः जबाबदार राहतो. निनांवी मंडळांच्या पुरस्कर्त्यांनीं हीं कलमें वाचलीं असतील असें त्यांच्या जाहिरातींवरून दिसत नाहीं.

महाराष्ट्रापाशीं तर याहून धारदार हत्यार आहे. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्य कायदा, ज्यास व्यवहारांत त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एमपीआयडी' म्हणतात, हा बुडव्या वित्तसंस्थांकरितां झाला. त्यांत प्रवर्तक, भागीदार, संचालक, व्यवस्थापक यांच्याबरोबरच कारभारास जबाबदार असलेला नोकरही येतो, व शिक्षा सहा वर्षांच्या कैदेपर्यंत आहे. संस्थेची मालमत्ता आणि गैरहेतूनें दुसऱ्याच्या नांवीं केलेली मालमत्ताही जप्त करून ठेवीदारांत वांटतां येते. कायद्याच्या वैधतेबद्दल दीर्घकाळ वाद झाला. अखेर सर्वोच्च न्यायालयानें ती मान्य केली. मुंबईंतील नॅशनल स्पॉट एक्सचेंजचें प्रकरण २०१३ सालीं उघडकीस आलें. सुमारे १३,००० गुंतवणूकदारांचे सुमारे ५,६०० कोटी रुपये त्यांत अडकले. आपण केवळ बाजार चालवितों, ठेवी घेत नाहीं, असा बचाव झाला. एप्रिल २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला व ही वित्तसंस्थाच आहे असें ठरविलें.

या कायद्यांतील एका शब्दाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों. 'ठेव' म्हणजे केवळ पैसा नव्हे, तर 'मौल्यवान वस्तु' स्वीकारणें हीही ठेवच, असें त्यांत म्हटलें आहे. बिटकॉइन हा पैसा आहे कीं नाहीं यावर पंडितांनीं खुशाल वाद घालावा. ती मौल्यवान वस्तु नाहीं असें ती घेणारास तरी म्हणतां येणार नाहीं, कारण त्यानें ती मोल आहे म्हणूनच घेतली. २०१९ च्या केंद्रीय ठेवीबंदी कायद्यांत मात्र ठेवीची व्याख्या 'पैशाची रक्कम' अशी आहे, आणि आरोपीच्या वकिलास तेवढी फट पुरेशी आहे. मद्रास उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२५ मध्यें आभासी चलन ही मालमत्ता असून ती विश्वस्त म्हणून दुसऱ्याकरितां धारण करतां येते, असें म्हटलें. ही फट बुजविण्यास त्याचा उपयोग व्हावा.

आतां कायदा पुस्तकांत असणें व तो हातीं लागणें यांत किती अंतर आहे, हें पुण्याच्या 'गेनबिटकॉइन' प्रकरणानें दाखविलें. २०१५ च्या सुमारास निघालेल्या या योजनेंत लोकांकडून बिटकॉइन घेऊन अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा, तोही बिटकॉइनमध्येंच, देण्याचें आश्वासन होतें. म्हणजे एकास एक पूर्णांक आठ दशांश. २०१७ च्या आरंभीं एका बिटकॉइनचा भाव सुमारे एक हजार डॉलर होता; वर्षअखेर तो वीस हजारांच्या जवळ गेला. वस्तूच्या रूपांत दिलेलें वचन अशा तेजींत पाळणें कोणासही कठीण. मग बिटकॉइनऐवजीं योजनेचेंच एक घरचें नाणें लोकांच्या हातीं ठेवण्यांत आलें. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणें २०१७ सालच्या भावानेंच सुमारे ६,६०० कोटी रुपयांचें बिटकॉइन गोळा झालें होतें. मुख्य आरोपी अमित भारद्वाज यास पुणें पोलिसांनीं २०१८ सालीं अटक केली. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वींच जानेवारी २०२२ मध्यें तो मरण पावला. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत, तपासास मदत म्हणून घेतलेल्या दोघां तज्ज्ञांसच, जप्त चलन आपल्याकडे वळविल्याच्या आरोपावरून अटक करावी लागली. देशभर विखुरलेले गुन्हे सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२३ मध्यें केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोंपविले. त्या विभागानें फेब्रुवारी २०२५ मध्यें साठांहून अधिक ठिकाणीं झडत्या घेऊन सुमारे २४ कोटी रुपयांचें आभासी चलन हस्तगत केलें. गोळा झालेल्या रकमेच्या आंकड्याशीं ही रक्कम ताडून पाहिली म्हणजे अधिक कांहीं सांगण्याची गरज राहत नाहीं.

या प्रकरणानें तीन कायदेशीर प्रश्न पुढें आणले आहेत. पहिला मोजमापाचा. ज्यानें २०१७ सालीं एक बिटकॉइन दिलें, त्यास भरपाई कोणत्या दिवसाच्या भावानें द्यावयाची? नोव्हेंबर २०२२ मध्यें दिवाळें निघालेल्या एफटीएक्स या पेढीच्या प्रकरणांत दावे दिवाळ्याच्या दिवसाच्या भावानें धरले गेले; पुढें भाव कित्येक पट वाढल्यामुळें धनको असंतुष्ट राहिले. आमच्या मतें जप्त झालेली वस्तु शिल्लक असेल तोंवर तिच्या वाढीचा लाभ फसलेल्या लोकांसच मिळाला पाहिजे. बुडव्याच्या कारभारांतून झालेली वाढ बुडव्याच्या पदरीं पडणें हें नीतीस धरून नाहीं.

दुसरा प्रश्न मध्यस्थांचा. अशा योजना टीमचा प्रवर्तक येऊन विकीत नाहीं. मेव्हणा, शाळेंतला मास्तर, गांवचा एखादा मानकरी विकतो. १९७८ च्या चलनसाखळी योजनांवर बंदी घालणाऱ्या कायद्यानें योजना चालविणें हा जसा गुन्हा केला तसा तींत सभासद होणें हाही गुन्हा केला. हेतु चांगला होता. परिणाम असा होतो कीं, ज्यानें स्वतः पैसे घातले व आणखी दोघांस ओढलें, तो बुडाल्यावर पोलिसांकडे जाण्यास भितो. आणि ज्या दोघांस ओढलें ते नात्याची लाज धरून गप्प बसतात. फसवणूक करणारास याहून चांगली ढाल कोणती? मिळालेलें कमिशन परत करून वेळेवर तक्रार करणारास साक्षीदार मानावें, आरोपी नव्हे, एवढी दुरुस्ती झाली तरी पुष्कळ तोंडें उघडतील.

तिसरा प्रश्न अपयश व कपट यांतील भेदाचा. नवा उद्योग बुडणें हा गुन्हा नव्हे. प्रामाणिक तरुणांनीं एखादें नवें यंत्र, नवी देवघेवीची पद्धति शोधण्याकरितां भांडवल मागितलें आणि तें फसलें, तर त्यांस तुरुंग दाखविणें म्हणजे १७२० च्या इंग्लंडची चूक पुन्हां करणें होय. नुसती संगणकाची आज्ञावली लिहून देणारा कारागीर व तिच्या नांवानें पैसे मागणारा प्रवर्तक यांतही भेद केलाच पाहिजे. ज्यानें घर बांधलें तो गवंडी, घर दाखवून पैसे उकळणारा वेगळा. दायित्वाची कसोटी तीन गोष्टींची असावी: वचन कोणीं दिलें, जमलेल्या पैशाची किल्ली कोणाच्या हातीं होती, आणि त्यांतून लाभ कोणास झाला. या तिन्हींतून एकही ज्यास लागू नाहीं त्यास सोडावें; एकही लागू असेल त्यास टोपणनांवाच्या आड लपूं देऊं नये.

आपल्या सरकारचें आजवरचें धोरण मात्र विचित्र आहे. रिझर्व्ह बँकेनें एप्रिल २०१८ मध्यें बँकांस या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितलें. मार्च २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें परिपत्रक रद्द केलें. २०२२ च्या अर्थसंकल्पानें या चलनाच्या नफ्यावर तीस टक्के कर बसविला. मार्च २०२३ मध्यें असे व्यवहार चालविणाऱ्या पेढ्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखालीं आल्या. म्हणजे नफा झाला तर सरकार वांटेकरी. संशयास्पद पैसा आला तर सरकार पहारेकरी. पण नवें नाणें काढून जनतेपुढें हात पसरणारानें आपलें नांव, पत्ता व हिशेब जाहीर करावा, असें सांगणारा स्वतंत्र कायदा २०२५ सालाअखेर झालेला नव्हता. युरोपीय संघानें २०२३ सालीं असा कायदा केला व तो डिसेंबर २०२४ पासून पुरतेपणीं अमलांत आला. त्यांत नाणें काढणारानें विहित माहितीपत्रक प्रसिद्ध करावें, आणि तें अपुरें किंवा दिशाभूल करणारें ठरल्यास संस्थेबरोबर तिच्या व्यवस्थापकांनींही नुकसान भरून द्यावें, असें आहे. १८९० च्या इंग्रजी कायद्याचा हा नातूच म्हणावयाचा.

असाच कायदा आपल्याकडे व्हावा असें आम्हांस वाटतें. त्यांत चार गोष्टी असाव्या. भांडवल मागणाऱ्या प्रत्येक टीमनें हिंदुस्थानांत राहणारी निदान एक जबाबदार व्यक्ति नोंदवावी. माहितीपत्रक मराठीसह प्रांतभाषांत द्यावें, कारण ज्याचा पैसा मागावयाचा त्यास तें वाचतां आलें पाहिजे. जमलेलें चलन ठराविक टप्प्यांनीं, तिऱ्हाईत विश्वस्तामार्फतच खर्चावें. आणि जप्त चलन सांभाळण्यास सरकारी कोठी असावी, म्हणजे पुण्यासारखा प्रसंग पुन्हां येणार नाहीं. यांतील एकही गोष्ट अपूर्व नाहीं. सर्वांचे दाखले वर आलेच आहेत.

कायदा होईपर्यंत गृहस्थानें काय करावें? मोठा उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाहीं. वडप्याच्या शेतकऱ्यानें जमीन विकली तेव्हां त्यानें सातबारा पाहिला, खरेदीखत नोंदविलें, साक्षीदार घेतले, घेणाराचा अंगठा किंवा सही तपासली. त्याच जमिनीचा पैसा दुसऱ्याच्या हातीं देतांना यांतील निम्मी चौकशी केली तरी पुष्कळ. घेणाराचें खरें नांव काय, तो राहतो कोठें, आणि उद्यां त्यास कोणत्या न्यायालयांत उभें करतां येईल, हे तीन प्रश्न विचारावे. ज्याचीं उत्तरें मिळत नाहींत त्यास पैसे देण्याची घाई नसावी.